रेल्वे वाघिणीची प्रतिकृती

लोहमार्गावरून माल वाहून नेणाऱ्या डब्याची, म्हणजेच वाघिणीची, ठराविक प्रमाणात लहान केलेली व लहान रुळांवर प्रत्यक्ष चालू शकणारी नक्कल. वाघीण हे वॅगन या इंग्रजी शब्दाचे मराठीत रुळलेले रूप होय. अशी प्रतिकृती कारखान्यातून तयार स्वरूपात मिळते, कच्च्या साहित्यापासून सर्वस्वी हाताने घडविता येते किंवा सुट्या भागांच्या संचापासून जुळविता येते. तिसरी पद्धत पहिल्या दोहोंच्या मधली असून प्रतिकृती रेल्वेच्या छंदात स्वतःच्या हातांनी काही करू पाहणाऱ्याची सुरुवात बहुधा तिनेच होते. संचातील भाग जोडून झाल्यावर त्यांत नसलेले किंवा ठोकळ स्वरूपात असलेले तपशील निर्माता स्वतः घालतो. या कामास बारकावे भरणे असे म्हणता येईल.

चांगल्या प्रतिकृतीच्या कसोट्या दोन आहेत. ती रुळांवरून न घसरता चालली पाहिजे आणि ती एखाद्या विशिष्ट वाघिणीशी, त्या वाघिणीच्या आयुष्यातील विशिष्ट काळी ती जशी होती तशी, जुळली पाहिजे. पहिली कसोटी यांत्रिकीची, तर दुसरी इतिहासाची आहे. दुसऱ्या कसोटीला उतरण्यासाठी बारकाव्यांची केवळ संख्या उपयोगी पडत नाही. त्यांची परस्परांशी संगती असावी लागते. प्रस्तुत नोंदीत ब्रिटनमधील १९२३ च्या नमुन्याच्या खाजगी मालकीच्या कोळसा वाघिणीचे उदाहरण घेऊन या कामाचे विवरण केले आहे.

मूळ वाघीण : ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणी, कोळशाचे व्यापारी, वायुनिर्मितीचे कारखाने इत्यादींच्या स्वतःच्या मालकीच्या वाघिणी असत. त्या निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांच्या मार्गांवरून नेल्या जात असल्यामुळे त्यांची मजबुती व मापे यांवर नियंत्रण असणे आवश्यक होते. कंपन्यांमध्ये वाहतुकीच्या उत्पन्नाची वाटणी करण्यासाठी १८४२ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे क्लिअरिंग हाउस या संस्थेने १८८७ मध्ये खाजगी वाघिणींसाठी प्रमाणित विनिर्देश ठरविले आणि १९०७ व १९२३ मध्ये त्यांत सुधारणा केल्या. १९२३ च्या नमुन्याची नेहमी आढळणारी वाघीण लाकडी, चार चाकांची, छप्पर नसलेली व १२ टन माल वाहणारी असे. तिच्या बाजू आडव्या सात फळ्यांच्या असत. टोकांच्या तुळयांच्या बाहेरील कडांमधील लांबी १६ फूट ६ इंच व दोन आसांमधील अंतर ९ फूट होते. कोळसा उतरविण्याच्या सोयीनुसार तिला बाजूंचे, एका टोकाचे व तळाचे असे दरवाजे असत. सर्व वाघिणींना सर्व प्रकारचे दरवाजे नसत. बंदरांवर वाघीण एका बाजूस उचलून कोळसा जहाजात ओतला जाई. तेथे टोकाचा दरवाजा उपयोगी पडे. तो कोणत्या टोकास आहे हे लांबून कळावे म्हणून वाघिणीच्या बाजूवर एक पांढरा तिरपा पट्टा रंगवीत व त्याचे वरचे टोक दरवाजाच्या दिशेस असे.

मालकाचे नाव, गाव व क्रमांक बाजूंवर मोठ्या, बहुधा छायांकित अक्षरांत लिहिलेले असत. त्यामुळे वाघीण ही मालकाची चालती जाहिरातच होती. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने या वाघिणी ताब्यात घेऊन सामायिक वापरात आणल्या. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या वेळी अशा पाच लाखांहून अधिक वाघिणी सार्वजनिक मालकीच्या झाल्या व त्यांस आरंभी ‘पी’ हे अक्षर असलेले क्रमांक देण्यात आले. पुढील काळात १६ टनी पोलादी वाघिणींनी त्यांची जागा घेतली व लाकडी वाघिणी झपाट्याने मोडीत निघाल्या. जतन केलेल्या वाघिणी मोजक्याच आहेत. यामुळे छायाचित्रे, कारखान्यांतील आराखडे व प्रतिकृती ही या वाहतुकीच्या अभ्यासाची महत्त्वाची साधने ठरली आहेत.

प्रमाण व रुळांतर : दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतरास रुळांतर म्हणतात. ब्रिटनमधील प्रमाणित रुळांतर ४ फूट ८½ इंच (१,४३५ मिमी.) आहे. यूरोप व अमेरिकेतील एचओ या पद्धतीत मूळच्या एका फुटास ३.५ मिमी. घेतात (सु. १ : ८७) व त्यानुसार रुळांतर १६.५ मिमी. येते. ब्रिटिश एंजिने मात्र तेथील बोगदे व पूल यांच्या मर्यादेमुळे यूरोपीय एंजिनांहून आकाराने लहान असत. पहिल्या महायुद्धानंतर छोट्या प्रतिकृती बनू लागल्या, तेव्हा उपलब्ध चलित्रे व यंत्रणा ३.५ मिमी. प्रमाणाच्या ब्रिटिश एंजिनात बसविणे अवघड जाई. म्हणून रूळ १६.५ मिमी. अंतराचेच ठेवून वरील भाग एका फुटास ४ मिमी. (१ : ७६.२) या प्रमाणात करण्याची प्रथा पडली. ही ओओ पद्धत होय. ब्रिटनमध्ये आजही तिचाच प्रसार सर्वांत अधिक आहे.

या तडजोडीचा परिणाम असा की, ४ मिमी. प्रमाणात १६.५ मिमी. म्हणजे ४ फूट १½ इंच होतात. म्हणजे रूळ मूळच्यापेक्षा ७ इंचांनी जवळ येतात आणि वाघीण समोरून पाहिल्यास तिची चाके आत ओढल्यासारखी दिसतात. हा दोष कमी करण्यासाठी काही छांदिष्टांनी प्रथम १८ मिमी. व पुढे १८.२ मिमी. रुळांतर वापरले; ही पद्धत ईएम या नावाने ओळखली जाते. १९६० नंतरच्या दशकात पुढे आलेल्या पी-फोर या पद्धतीत १८.८३ मिमी. हे अचूक रुळांतर घेऊन चाकांची जाडी व कडेची उंचीही प्रमाणानुसार ठेवण्यात आली. संच बहुधा ओओ पद्धतीसाठी बनविलेले असतात. इतर पद्धतींसाठी त्यांच्या तळाकडील भागात फेरफार करावे लागतात. जुळणीस प्रारंभ करण्यापूर्वी रुळांतराचा निर्णय घेणे यासाठीच आवश्यक असते.

४ मिमी. प्रमाणात वरील वाघिणीची लांबी ६६ मिमी., आसांमधील अंतर ३६ मिमी. व चाकांचा व्यास सु. १२.५ मिमी. येतो. बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सु. १४ मिमी. उंचीवर असावा लागतो. ही चार मापे कागदावर लिहून हाताशी ठेवल्यास जुळणीतील चुका लवकर लक्षात येतात.

संच व साहित्य : पूर्वी छांदिष्ट लोक लाकूड, पुठ्ठा व धातूचा पत्रा यांपासून वाघिणी घडवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे भाग पोलादी साच्यांत दाबाने भरून तयार करण्याची पद्धत रूढ झाली आणि फळ्यांमधील भेगा, खिळ्यांची व बोल्टांची डोकी, लोखंडी पट्ट्या इ. तपशील एकाच क्रियेत मिळू लागले. एअरफिक्स या कंपनीचे व पुढे अनेक लहान ब्रिटिश उत्पादकांचे वाघिणींचे संच या प्रकारचे आहेत. संचात सामान्यतः दोन बाजू, दोन टोके, तळ, चौकटीच्या लांब व आखूड तुळया, आसपेट्या व पाट्यांच्या कमानी, गतिरोधकाचे भाग, बफर व जोडसाखळीचे आकडे असतात. चाके काही संचांत असतात, काहींत ती वेगळी घ्यावी लागतात. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यावर रासायनिक कोरीवकाम करून बनविलेले बारीक भाग स्वतंत्रपणे मिळतात. अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने केलेले भागही वापरात आले आहेत.

हत्यारे थोडी पुरतात : धारदार पात्याची सुरी, बारीक कानशींचा संच, टोकदार चिमटा, पोलादी पट्टी, लहान गुण्या, अर्ध्या मिमी.च्या आसपासची भोके पाडण्यासाठी हातगिरमिट व सपाट काचेचा तुकडा. शेवटची वस्तू क्षुल्लक वाटली, तरी पुढील कामाचा सपाटपणा तिच्यावरच पारखला जातो.

पॉलिस्टायरीन जोडण्यासाठी चिकट खळीऐवजी ब्युटॅनोनासारखा पातळ विद्रावक वापरतात. दोन भाग एकमेकांस टेकवून कुंचल्याने विद्रावकाचा एक थेंब सांध्याला लावला की, केशाकर्षणाने तो आत पसरतो, दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळून एकमेकांत मिसळतात व विद्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. पूर्ण बळकटी येण्यास काही तास लागतात. विद्रावक बेताने वापरावा लागतो. कारण तो दोन पातळ्यांच्या मध्ये कोंडून राहिल्यास प्लॅस्टिक मऊ करीत राहतो व तयार वाघिणीचा तळ काही आठवड्यांनी वा महिन्यांनी वाकलेला आढळतो. त्याची वाफ ज्वलनशील व आरोग्यास अपायकारक असल्याने काम मोकळ्या हवेच्या जागी, विस्तवापासून दूर करणे इष्ट असते.

जुळणी : भाग साच्याच्या सांगाड्यापासून पिरगाळून न तोडता सुरीने वा छेदक पकडीने कापतात. सांध्यातून बाहेर आलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा सुरीच्या धारेने खरवडून काढतात. नंतर विद्रावक न लावता सर्व भाग एकदा एकत्र धरून पाहतात. बाजू व टोक यांच्या कोपऱ्यांवरील तिरप्या कडा नीट मिळत नसल्यास कानशीचे दोन-तीन हात पुरे होतात. अधिक घासल्यास वाघीण आखूड होते.

चारही भिंती एकदम जोडण्याचा मोह टाळावा लागतो. प्रथम एक बाजू व एक टोक गुण्याला लावून काटकोनात जोडतात. तशीच दुसरी जोडी तयार करतात व दोन्ही वाळल्यावर त्यांची पेटी करून तिच्यात तळ बसवितात. पेटी काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात की नाही हे पाहतात. एक कोपरा अर्धा मिमी. जरी उचललेला राहिला, तरी तो पुढे चौकटीत व चौकटीतून चाकांत उतरतो. सांधा ओला असतानाच हा दोष हलक्या दाबाने सुधारता येतो. वाळल्यावर तो कापून पुन्हा जोडण्यावाचून उपाय नसतो.

चाके व चालन : प्रतिकृतीची आस पोलादी असून तिची टोके शंकूसारखी निमुळती असतात व आसपेट्यांच्या मागे बसविलेल्या पितळी धारव्यांत ती फिरतात. टोकापासून टोकापर्यंत आसेची लांबी बहुधा २६ मिमी. असते. स्पर्श केवळ टोकावर होत असल्याने घर्षण अत्यल्प असते. मात्र यासाठी समोरासमोरचे धारवे एकाच रेषेत व दोन्ही आसा एकमेकींस समांतर असाव्या लागतात. म्हणून एका बाजूची तुळई पक्की जोडून दुसरी बसविताना चाके जागेवर ठेवतात, वाघीण काचेवर उभी करतात आणि दोन्ही बाजूंस आसांमधील अंतर मोजून ३६ मिमी. येईल असे समायोजन करतात. आसेला अगदी थोडा आडवा खेळ ठेवतात. बोटाने ढकललेली वाघीण सरळ जाऊन हळूहळू थांबली, तर काम साधले असे समजतात. ती एका बाजूस ओढली गेल्यास आसा समांतर नाहीत हे निश्चित होते.

चाकांच्या आतील पृष्ठांमधील अंतरही महत्त्वाचे असते. ओओ पद्धतीत ते सामान्यतः १४.५ मिमी. ठेवतात. ते कमी असल्यास सांध्याच्या ठिकाणी, म्हणजे एक मार्ग दुसऱ्याला मिळतो तेथे, चाक आतील रक्षक रुळावर चढते. रुळांवरून घसरण्याच्या अनेक तक्रारींचे मूळ रुळांत नसून या एका मापात असते. पी-फोर पद्धतीत चाकाच्या कडेची उंची ०.४ मिमी.हून कमी असते. इतकी लहान कड रुळाच्या किंचित उंचसखलपणानेही सुटू शकते. यासाठी एक आस स्थिर ठेवून दुसरी मध्यबिंदूवर डोलू शकेल अशी बसवितात किंवा चारही आसपेट्यांना बारीक तारेच्या कमानी देतात. तिपाई जशी कोणत्याही जमिनीवर न डगमगता उभी राहते, तसेच डोलत्या आसेमुळे वाघिणीचे चारही पाय रुळावर टेकलेले राहतात.

वजनाच्या बाबतीत प्रमाणाचा नियम लागू पडत नाही. रिकाम्या मूळ वाघिणीचे वजन सु. साडेसहा टन धरल्यास व ते लांबीच्या प्रमाणाच्या घनाने भागल्यास प्रतिकृतीचे वजन अवघे १५ ग्रॅमच्या आसपास येते. इतकी हलकी वाघीण वळणावर ओढली असता आत कलंडते. कारण घर्षण, रुळांतील खाचा व जोडणीचे हिसके वजनाइतक्या वेगाने लहान होत नाहीत. अनुभवाने दर आसेस २५ ग्रॅम, म्हणजे चारचाकी वाघिणीस एकूण ५० ग्रॅम, हे वजन योग्य ठरले आहे. त्यासाठी तळाखाली शिशाचे पत्रे चिकटवितात. शिशाच्या गोळ्या पांढऱ्या लाकूडखळीत बसविणे टाळतात. कारण कालांतराने शिशावर रासायनिक क्रिया होऊन ते फुगते व भोवतालचे प्लॅस्टिक फोडते. शिसे विषारी असल्याने ते हाताळल्यावर हात धुणे आवश्यक असते.

बारकावे भरणे : संचातील भाग साच्यातून सुटून यावेत व वाहतुकीत मोडू नयेत म्हणून ते मूळच्यापेक्षा जाड ठेवलेले असतात. हातदांडे, गतिरोधकाच्या सळया, त्यांखालील सुरक्षा पट्टे व दांड्याचा भोके असलेला मार्गदर्शक यांत ही जाडी सर्वांत अधिक खटकते. ते कापून त्यांच्या जागी बारीक पितळी तार व कोरीव पत्र्याचे भाग बसवितात. बाजूंच्या वरच्या कडा आतून तासून फळ्या पातळ भासतील अशा करतात. तळाच्या व भिंतींच्या आतील अंगावर फळ्यांच्या रेषा नसल्यास त्या सुरीच्या पाठीने ओढतात. दरवाजा उघडल्यावर आदळू नये म्हणून लावलेल्या खालच्या कमानी, चौकटीवरील बिडाचा नोंदणी बिल्ला, कोपऱ्यांवरील लोखंडी पट्ट्या, बोल्टांची डोकी इ. गोष्टी छायाचित्रात पाहून घालतात.

परस्परसंगतीचे तत्त्व येथे प्रकर्षाने लागू पडते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे गतिरोधक. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून नव्या वाघिणींचा गतिरोधक दोन्ही बाजूंनी लावता येणे व हातदांडा त्या त्या बाजूकडे तोंड करून उभे राहणाऱ्याच्या उजव्या टोकाकडे असणे आवश्यक ठरले. एका प्रचलित रचनेत, जी मॉर्टन या नावाने ओळखली जाते, दोन्ही दांडे एका आडव्या दंडास जोडलेले असत. दोन दांडे दाबले असता दंड परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असल्यामुळे एका बाजूस दिशा पालटणारा खटका बसवावा लागे. ज्या वाघिणींना तळाचे दरवाजे असत, त्यांत हा आडवा दंड दरवाजांच्या आड येई. म्हणून तेथे प्रत्येक बाजूस स्वतंत्र गतिरोधक असे. यावरून असे दिसते की, तळाच्या दरवाजांच्या बिजागऱ्या दाखवून खाली आडवा दंड बसविणारी प्रतिकृती कितीही नाजूक काम केलेले असले, तरी खोटी ठरते; कारण तशी वाघीण चालविताच आली नसती. तसेच टोकाला दरवाजा नसताना बाजूवर पांढरा तिरपा पट्टा काढणे किंवा दरवाजा डावीकडे असता पट्टा उजवीकडे चढविणे ही चूक होय. दोन्ही बाजूंवरील पट्टे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असतात, ही गोष्ट प्रारंभी अनेकांच्या ध्यानात येत नाही.

गतिरोधकाचे गुटके चाकाच्या धावेच्या रेषेतच असावे लागतात. रुळांतर बदलल्यास चाके बाहेर सरकतात व गुटकेही त्यांच्याबरोबर सरकवावे लागतात. जोडणीच्या बाबतीत मात्र पुन्हा तडजोड करावी लागते. मूळ वाघिणीस तीन कड्यांची साखळी असे. प्रतिकृतीत ती बारीक तारेची करता येते व अतिशय वास्तव दिसते. परंतु खेळण्यांच्या रुळांवरील ४३८ मिमी. त्रिज्येचे वळण प्रत्यक्षात केवळ ३३ मी. त्रिज्येचे होते व अशा वळणावर शेजारच्या बफरांत अडकून वाघिणी घसरतात. म्हणून अरुंद जागेतील मार्गावर रुंद आकड्याची स्वयंचलित जोडणी व विस्तृत वळणांच्या मार्गावर साखळी असा विवेक करतात.

रंग व अक्षरे : प्रतिकृती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळविल्यावर तिला पातळ अस्तर देतात व त्यावर रंगाचे दोन-तीन विरळ थर चढवितात. जाड थराने फळ्यांतील भेगा बुजतात. या वाघिणींचे आतील अंग सामान्यतः रंगविलेले नसे. त्यामुळे ते उघड्या लाकडाचे, राखी-तपकिरी छटेचे व कोळशाच्या भुकटीने काळवंडलेले दाखवितात. बाहेरील अक्षरांसाठी पाण्याने किंवा दाबाने उतरविता येणाऱ्या ट्रान्सफर पट्ट्या मिळतात. त्या गुळगुळीत वार्निशावर लावून फळ्यांच्या भेगांवर सुरीने छेदतात, म्हणजे अक्षरे कागदासारखी तरंगत न राहता लाकडावर लिहिल्यासारखी दिसतात. शेवटी निस्तेज वार्निशाचा हात देतात.

मूळ रंग कोणता, हा प्रश्न अभ्यासकास सर्वाधिक अडचणीत टाकतो. उपलब्ध छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल आहेत. जुन्या छायाचित्रण काचांवरील ऑर्थोक्रोमॅटिक लेपाला लाल प्रकाश जाणवत नसे. त्यामुळे तांबडी वाघीण चित्रात काळ्यासारखी व निळी फिकट दिसते. केवळ चित्रातील गडदपणावरून रंग ठरविणे यामुळे धोक्याचे असते. शिवाय ग्लॉस्टर रेल्वे कॅरेज अँड वॅगन कंपनीसारख्या वाघीण कारखान्यांनी काढलेली छायाचित्रे नव्याकोऱ्या वाघिणींची आहेत. कारखान्याबाहेर पडल्यावर तीच वाघीण काही महिन्यांतच वेगळी दिसू लागे. म्हणून मालकाच्या नोंदी, रंगकामाचे तपशील व वापरातील वाघिणींची छायाचित्रे यांचा एकत्रित आधार घेतात.

वापराच्या खुणा : जीर्णता दाखविणे म्हणजे सर्वत्र सारखा मळकट रंग फासणे नव्हे. प्रत्येक खुणेस कारण असते. गतिरोधकाच्या लोखंडी भुकटीने चौकटीखालील भाग गंजासारखा तपकिरी होतो. आसपेट्यांभोवती वंगणाचे काळे डाग पडतात. कोळसा भरताना वरच्या फळ्या झिजतात व दरवाजाच्या खिट्टीजवळ रंग खरवडला जातो. पातळ गडद रंग भेगांत सोडून वरचा पुसून घेणे, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळविणे व रंगद्रव्यांची कोरडी भुकटी चोळणे या तीन रीती त्यासाठी वापरतात.

येथेही काळाची संगती सांभाळावी लागते. ठळक, ताज्या अक्षरांची वाघीण १९३९ पूर्वीची शोभते. युद्धकाळात मालकाच्या रंगात पुन्हा रंगविण्याचे काम मागे पडले, मोडलेल्या फळ्यांच्या जागी न रंगविलेल्या फळ्या बसल्या व मालकाच्या नावातील अक्षरे मधूनमधून नाहीशी झाली. १९४८ नंतरच्या वाघिणीवर पुसट झालेल्या जुन्या नावाच्या जोडीला काळ्या चौकोनात ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. अशा प्रकारे एकाच संचापासून तीन निरनिराळ्या काळांच्या तीन वाघिणी तयार होऊ शकतात. परंतु एका वाघिणीत तीन काळ मिसळल्यास ती कोणत्याच काळाची राहत नाही. कोळशाचा भार भरावयाचा असल्यास खऱ्या कोळशाचे बारीक तुकडे वापरतात. घरगुती कोळशाचा सहा इंची ढेकूळ या प्रमाणात २ मिमी. होतो, त्याहून मोठे तुकडे घातल्यास वाघीण खेळण्यासारखी भासते.

भारतातील स्थिती : भारतीय लोहमार्गांच्या प्रतिकृती करणाऱ्यांसमोर रुळांतराची अडचण अधिक तीव्रतेने उभी राहते. भारतातील रुंदमापी मार्गाचे रुळांतर ५ फूट ६ इंच (१,६७६ मिमी.) आहे. ४ मिमी. प्रमाणात ते नेमके २२ मिमी. व ३.५ मिमी. प्रमाणात १९.२५ मिमी. येते. या मापांचे तयार रूळ व चाके परदेशी मापांइतकी सहज मिळत नसल्याने भारतीय वाघिणींच्या प्रतिकृतीही पुष्कळदा १६.५ मिमी. रुळांवरच चालवितात. ३.५ मिमी. प्रमाणात अशी वाघीण मूळच्यापेक्षा ९½ इंच अरुंद मार्गावर उभी असते. म्हणजे ओओ पद्धतीतील ब्रिटिश वाघिणीपेक्षाही तिच्यातील तडजोड मोठी आहे. महाराष्ट्रात या छंदाचा परिचय सामान्य जनतेला करून देणारी संस्था म्हणजे पुण्यातील कोथरूड भागात १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय होय. तेथे चालत्या प्रतिकृती रेल्वेचे प्रात्यक्षिक दाखविण्यात येते.

महत्त्व : प्रतिकृती ही मूळ वस्तूचे स्मरण करून देणारी शोभेची वस्तू मानली जाते, परंतु तिचे मूल्य त्याहून अधिक असू शकते. ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनम येथे १९५४ मध्ये रॉय इंग्लंड यांनी स्थापन केलेल्या पेंडन संग्रहालयात दोन महायुद्धांच्या दरम्यानचा इंग्लंडमधील ग्रामीण प्रदेश ४ मिमी. प्रमाणात उभारण्यात आला आहे. नष्ट होत चाललेली घरे व गाड्या यांची प्रत्यक्ष मोजमापे व छायाचित्रे घेऊन तेथील प्रतिकृती केल्या असल्याने त्या प्रदेशाची ती एक नोंदच ठरली आहे. एकेका वाघिणीलाही हेच लागू पडते. रोज हजारो टन कोळसा वाहणारी ही वाहने अतिपरिचयामुळे कोणी जपून ठेवली नाहीत. त्यांच्यापैकी एखादीची प्रतिकृती करताना दरवाजे कोठे होते, दांडा कोणत्या बाजूस होता, अक्षरे केव्हा पुसली गेली, हे प्रश्न विचारावेच लागतात व त्यांची उत्तरे प्लॅस्टिक आणि पितळ यांत नोंदविली जातात. ही उत्तरे ज्या पुराव्यावर आधारलेली आहेत, तो लिहून प्रतिकृतीबरोबर ठेवण्याची प्रथा यासाठी उपयुक्त ठरते. ज्या वाघिणीचा काळ, मालक व आधार सांगता येतो, तीच पुढील अभ्यासकाच्या कामी येते.